अर्धा सूर खाली

"काका, गिटार अर्धा सूर वर घ्या ना. इतक्या खाली माझा आवाज लागतच नाही," भोंग्याची मुलगी म्हणाली.

भोंगा म्हणजे आमच्या रॉक बँडचा गायक. तो गेल्यावर त्याच्या आठवणीत त्याचीच गाणी वाजवायची ठरली. ड्रमरने गॅरेजमधली गाडी बाहेर काढली आणि आम्ही दोघे म्हातारे या पोरीला घेऊन तालमीला बसलो.

मी साफ नाही म्हटलं. आमच्या तारा कायम अर्धा सूर उतरवलेल्या असत. त्या जड, गडद आवाजावर लोक फिदा होते. माणसाचं आतलं दुःख खालच्या सुरातच बोलतं, असं मी एका मुलाखतीत बिनदिक्कत ठोकूनही दिलं होतं. खरं कारण साधं होतं. वरच्या सुराला भोंग्याचा आवाज फाटायचा. भर कार्यक्रमात एकदा त्याची फजिती झाली आणि आम्ही गुपचूप तारा सैल केल्या. पण थापा मारता मारता तो आवाज खरंच माझा झाला. प्रेमात पडलो, वडिलांना पोचवून आलो, सगळं मी त्याच सुरात वाजवलं. तो सोडला तर माझं म्हणून काय उरेल, याची मला भीती वाटत होती.

ड्रमरच्या पोटात काही राहत नाही. खरं कारण वेगळंच आहे, असं हसत तो सांगायला लागला, तर तिने त्याला थांबवलं.

"माहितीये मला. बाबांना वरच गायचं होतं. हे काकाच ऐकायचे नाहीत म्हणे."

ड्रमर माझ्याकडे बघतच राहिला. भोंग्या लेका, घरी हे सांगत होतास होय. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग तो फार आठवला. लेकीसमोर उणं पडायला कुठल्या बापाला आवडेल?

"खरंय," मी म्हणालो. "हट्ट माझाच होता."

मी एकेक तार चढवली. ड्रमरने ठोके दिले. बोटं नेहमीच्याच जागी पडली, पण निघालं ते कुणा परक्याचं, उजळ गाणं. तिने डोळे मिटून वरचा सूर लावला. स्वच्छ लागला.

"बाबा असंच गायले असते ना?" तिने विचारलं.

ड्रमर वाकून उगाच एक स्क्रू पिळत होता.

"याहून वर," तो म्हणाला.