माझे चार तुकडे केले तेव्हा

मी एक जुने टेबल आहे. खरे तर टेबलाचा पाव हिस्सा आहे, आणि त्याचाच मला राग आहे. ऐका, मित्रांनो.

कपबशांच्या कारखान्यात पॅकिंगसाठी सुताराने मला जाड फळ्यांचे, चांगले चौदा फूट लांब बनवले. माझ्यापाशी चौघीजणी उभ्या राहत. पहिली कप पुसायची. दुसऱ्या होत्या वयस्कर मावशी. त्या कपावर नखाने टिचकी मारून कान द्यायच्या आणि डोळ्यांना न दिसणारी चीरही ओळखायच्या. तिसरी कप कागदात गुंडाळायची, चौथी खोके भरायची. मावशींचे हात थरथरत, म्हणून गुंडाळायचे काम त्यांच्याकडे कोणी जाऊ देत नसे. हे कोणी ठरवले नव्हते, आपसूक जमले होते. वर्षानुवर्षे माझ्यावरून तडकलेला कप बाहेर गेला नाही. मालक पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत.

मग नवे मॅनेजर साहेब आले. कोण किती काम करते ते कळत नाही म्हणे! त्यांनी करवत मागवली आणि माझी चार टेबले केली. आता प्रत्येकीने सगळे काम एकटीने करायचे. मावशींची खोकी सर्वांत कमी भरू लागली. बाकीच्या तिघींना चीर ऐकू येईना, त्यांचे कप दुकानांतून परत येऊ लागले. साहेबांनी मावशींना महिनाअखेरीस घरी बसायला सांगितले. परत आलेल्या कपांचे कारण तर त्यांनी भलतेच शोधले. बायकांमध्ये एकोपा नाही!

मग संघभावना शिकवायला एक प्रशिक्षक आले. त्यांनी दोघीदोघींना पाठीला पाठ लावून मध्ये फुगा धरायला लावला. साहेब टाळ्या वाजवत होते. मावशींचा तो कामाचा शेवटचा दिवस होता. माझा नुसता संताप होत होता, पण लाकडाला तोंड कुठे असते?

बोलली ती खोके भरणारी. फुगा साहेबांच्या हातात देऊन ती शांतपणे म्हणाली, "साहेब, आम्ही एकत्रच होतो. करवत तुम्ही आणलीत."

मावशी संध्याकाळी डबा घेऊन गेल्या, त्या गेल्याच. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मावशींच्या वाट्याचे टेबल, म्हणजे मला, भिंतीशी ओढले, बुटांसकट माझ्यावर चढले आणि फलक टांगला: 'आपण सारे एक'.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कोणी कारखाना चालवेल, कोणी ऑफिस. तेव्हा माणसे एकमेकांना कशी सांभाळून घेतात ते आधी नीट बघा, आणि मगच हात घाला. मला पुन्हा जोडायला सुतार मिळेल. मावशींना कुठून आणाल?