आठवा नट

मले राग लवकर येते. मलकापुरात हायवेवरच्या माह्या गॅरेजवर कोणालेही विचारा, गुलाबराव मिस्तरी कसा माणूस हाय, तर लोकं पहिले हासतीन अन् मंग सांगतीन, काम एक नंबर, पण तोंड! तोंडाचं नाव काढू नका.

माह्या गॅरेजचा एक नियम हाय. चाक बसवलं, नट आवळले, का प्रत्येक नटावर खडूनं एक रेघ माराची. ज्यानं आवळला त्यानंच माराची. रेघ नाही म्हणजे नट ढिला हाय असं समजाचं. मंग गाडीचा मालक किती का बोंबलेना, गाडी बाहेर निघत नाही.

माहा प्रज्वल याच नियमात वाढला. बारावीत असताना एका कापसाच्या ट्रकचं चाक त्यानं बसवलं अन् मॅच पाहाले पळाला. मी पाहतो तं सात नटावर रेघ, अन् आठवा नुसता हातानं फिरवून सोडून देलेला. ट्रकवाला माह्याकडं पाहून हासला. झालं! पोट्ट्याले धरून आणलं अन् सगळ्याइसमोर कानाखाली वाजवली. म्हणलं, "एक ढिला ठेवला तं गाडी पलटते बे, माणसं मरतात! जग बुडालं तरी आठवा आवळल्याशिवाय उठाचं नाही!" त्याची माय, विमलबाई, दारात उभी होती. पोट्टा रडला नाही. खाली बसला, नट आवळला, रेघ मारली. त्यानंतर त्याच्या हातून कधी नट सुटला नाही, अन् मी गावभर सांगत फिरलो, एका चापटीत पोरगं मिस्तरी झालं म्हणून.

मंग तो फौजेत मेकॅनिक म्हणून लागला. सरहद्दीजवळ, डोंगरात, फौजेच्या गाड्या दुरुस्त कराचं काम. फोनवर सांगे, "बाबा, इथं थंडीनं पाना हाताले चिकटते." मी विचारो, "रेघ मारतं का बे?" तो हासे. "हाव बाबा. इथं सारे मले खडूवालाच म्हणतात."

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिकडे गोळे पडाले लागले, अन् त्यात माहा प्रज्वल गेला. पेटी आली, झेंडा आला, साहेब आले. साहेब म्हणे, कर्तव्य बजावताना. विमलबाईनं तेवढं ऐकून घेतलं. पण बोलता बोलता कोणीतरी सांगून गेलं, का बाकीचे सारे बंकरात पोचले होते, हा एकटाच बाहेर होता. तवापासून तिचा एकच सवाल. येणाऱ्या-जाणाऱ्याले विचारे, देवाले विचारे, जेवता जेवता घास हातात धरून मले विचारे, "सारे पळाले, मंग माहाच काऊन नाही पळाला?" मी म्हणो, नशीब. ती म्हणे, "नशिबाले पाय नव्हते, त्याले तं होते."

मागच्या सोमवारी दुपारी हरिओम आला. लोणारकडच्या बीबी गावचा पोट्टा, फौजेत ड्रायव्हर, प्रज्वलच्याच संगं होता. सुट्टीवर आला अन् पहिले आमच्याकडं आला. घर गॅरेजच्या मागंच हाय. विमलबाई चहा ठेवाले आत गेली, तसा तो हळूच बोलाले लागला.

"काका, ते गाडी माहीच होती. जखमी आणाची. टायर फाटला होता, प्रज्वल चाक बसवून राह्यला होता. तेवढ्यात भोंगा वाजला. आमी सारे बंकरात पळालो. मी आतून ओरडलो, चल बे खडूवाल्या! तं म्हणे, एकच राह्यला."

तो थांबला. आतल्या दाराकडं पाहलं.

"परत ओरडलो. तं हासला अन् म्हणे, बाबा कानाखाली मारतीन. तेवढ्यात बाजूले गोळा पडला, तुकडे त्याले लागले, गाडी वाचली."

हरिओमनं खिशातून कागदाची पुडी काढली. आत खडूचा तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा. म्हणे, "सात नटावर रेघ होती, काका. त्याच गाडीत घालून त्याले खाली दवाखान्यात नेलं, मीच चालवली. दोन तासाचा डोंगराचा रस्ता. सातावरच. पण चाक जरा हललं नाही. लय पक्कं काम होतं त्याचं."

पोट्टा बिचारा कौतुकानं सांगून राह्यला होता. मी मातर बसल्या जागी मेलो.

मी तीस वर्षांपासून मिस्तरी हाय. आठातल्या सात नटावर गाडी नागपूरले जाऊन येते, हे मले मालूम नाही का? तवाही मालूम होतं. ट्रकवाला हासला, माह्या इभ्रतीचा सवाल झाला, म्हणून मी म्हणलं गाडी पलटते. रागात म्हणलं. अन् पोरानं ते खरं मानलं.

विमलबाई चहा घेऊन आली. कप हातात देता देताच तिनं हरिओमले विचारलं, "बाबू, माहाच काऊन नाही पळाला रे?" मी मागून मान हलवली, नको म्हणून. तो म्हणे, "काकू, वेळच नाही भेटला त्याले." गरम चहा तसाच घशात ओतला, पाया पडला अन् निघून गेला.

ती दाराकडं पाहत म्हणाली, "खोटं बोलला तो. तुमच्याकडं पाहून बोलला."

तिथंच गप बसलो असतो तं बसलो असतो. पण ती जेवता जेवता थांबते ना, ते मले आता पाहवत नाही. मी सारं सांगतलं. भोंगा, सात रेघा, कानाखालची, डोंगराचा रस्ता. खडू तिच्या हातावर ठेवला. मले वाटलं आता ती बोंब मारीन, छाती पिटीन, माह्या थोबाडात देईन. द्याले पाहिजे होती. मी तोंड पुढं करूनच बसलो होतो.

तिनं खडू मुठीत घेतला.

"सातावर चालते गाडी?"

"चालते."

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग त्याले काऊन नाही सांगतलं?"

साऱ्या मलकापुराले माहं तोंड मालूम हाय. त्या तोंडातून एवढंच निघालं, "राहून गेलं."