जिथे बूट होता तिथून वर

मी एक जुना गमबूट आहे. उजव्या पायाचा. तुम्ही म्हणाल, मग डावा कुठे आहे? मित्रांनो, बरीच वर्षे मीही स्वतःला हेच विचारत होतो.

माझा जन्म आमच्या राजधानीजवळ, सान होसेजवळच्या एका कारखान्यात झाला. साचा उघडला आणि आम्ही दोघे भाऊ पिवळेधमक होऊन बाहेर पडलो. आसपासचे सगळे बूट माणसांच्या मापाचे होते, आम्ही मात्र पंचेचाळीस नंबरचे. मुकादमाने आम्हाला उचलून विचारले, "हे बूट आहेत की होड्या?" सगळा कारखाना हसला. जन्मल्या जन्मल्या हसे झाले की पुढे माणूस निगरगट्ट होतो म्हणतात. बुटाचेही तसेच होते.

आम्हाला ओदिलियाबाईंनी विकत घेतले. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाला लागून त्यांची खानावळ आहे. नवरा गेल्यापासून त्या ती एकट्याच चालवतात. पुढच्या बाजूला काळ्या घेवड्याचा भात, तळलेली केळी आणि गुळाचे गरम पाणी मिळते, आणि मागच्या भिंतीवर खुंट्यांना भाड्याचे गमबूट लटकलेले असतात. कारण उद्यानातल्या धबधब्याकडे जाणारी वाट म्हणजे वाट कमी आणि चिखलच जास्त.

त्या धबधब्याला आमच्याकडे 'ला सोर्दा' म्हणतात, म्हणजे बहिरी. तिच्यासमोर कितीही घसा फोडा, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला अक्षर ऐकू येत नाही. गावातल्या नवराबायकोचे भांडण विकोपाला गेले की दोघे बहिरीकडे जातात, मनसोक्त ओरडून घेतात, आणि आपणच जिंकलो अशा समजुतीत हातात हात घालून खाली येतात. गावात काडीमोड फारसे होत नाहीत, ते तिच्यामुळेच असे ओदिलियाबाईंचे मत आहे.

आमचे दिवस बरे चालले होते. लांबरुंद पायांचे परदेशी पाहुणे आले की बाई आम्हाला खुंटीवरून काढीत. कोणी मोजे घालून येई, कोणी न घालता. न घालणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, कारण तुम्ही कदाचित जेवायला बसला असाल. एकदा एका उंच बाईंनी मात्र आम्हाला आतूनबाहेरून धुतले, पुसले, उन्हात पालथे घालून वाळवले आणि मग परत दिले. ओदिलियाबाई अजूनही त्यांचे नाव काढतात.

मग ते वकील आले.

वाटेच्या मध्यावर एक फाटा आहे. उजवीकडची वाट दगडाधोंड्यांची, चढाची, बघूनच दम लागावा अशी. ती बहिरीकडे जाते. डावीकडची सपाट, हिरवीगार, गवत पसरलेली. ती दलदलीत जाते. राजधानीहून आलेल्या त्या अंगापिंडाने भरलेल्या वकिलांनी कोणालाही न विचारता डावी वाट धरली. थोड्या वेळाने डावा पाय रुतला. पाय वर ओढत होता, चिखल खाली ओढत होता. शेवटी पाय वकिलांच्या वाट्याला आला आणि माझा भाऊ चिखलाच्या. वकीलसाहेब लंगडी घालत खानावळीपर्यंत आले.

"डावा कुठाय?" बाईंनी विचारले.

"बाई, तो दलदलीनं घेतला."

"आणि तुम्ही वकील असून दिलात?"

मित्रांनो, एकटा बूट म्हणजे काय असते ते तुम्हाला सांगून कळणार नाही. जोडीने असताना ज्यांनी नावे ठेवली तेच आता "अरेरे" म्हणू लागले. मला रात्रंदिवस डाव्याची आठवण येई. बाईंच्या हातून मात्र काही टाकवत नाही. दलदलीपलीकडे गाईंचा गोठा असलेल्या एवेलियोकाकांना सोबत घेऊन त्या फाट्यावर आल्या. काकांनी तिथे एक मेढ रोवली, बाईंनी मला तिच्यावर पालथा खोचला आणि माझे टोक उजव्या वाटेकडे वळवले.

"भाऊ गेला तसं आता दुसरं कुणी जायला नको," बाई म्हणाल्या.

"काय गं ओदिलिया," काका म्हणाले, "रस्त्यात बूट बघून लोक काय समजतील? इथं कुणीतरी गाडलाय म्हणतील."

"समजू देत. निदान पाय तरी जपून टाकतील."

इथे आमच्या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. आमच्याकडे पत्ता सांगतात तो खुणेवरून, आणि ती खूण जागेवर असलीच पाहिजे असा कोणाचा हट्ट नसतो. ओदिलियाबाईंच्या खानावळीचाच पत्ता घ्या ना: 'जुन्या उंबरापासून खाली, हिरव्या भिंतीची.' तो उंबर बाईंच्या जन्माआधी पडला आणि भिंत आता गुलाबी आहे. तरी टपाल बरोबर येते, सगळे जेवायलाही बरोबर येतात. खूण एकदा लोकांच्या तोंडी बसली की तिला प्रत्यक्ष असण्याची गरज उरत नाही.

तर मी पत्ता झालो. "हे काय, इथंच. बुटापासून वर." येणाराजाणारा मला बघून हसे, मला थोपटे, माझ्यासोबत फोटो काढी. अंगावर शेवाळ चढले. माझ्या पोटात एका तपकिरी चिमणीने घरटे केले, तेव्हा तर मला धन्य वाटले. डाव्याचे दुःख होतेच, पण कोणी त्या वाटेने बुडाले नाही हे समाधानही होते.

अशात यादिरा आली. ती नवी वनरक्षक, सान होसेची, तरुण, कामाला वाघ. जंगलात जे उगवत नाही ते जंगलात राहणार नाही, हा नियम तिने आल्याआल्या अंमलात आणला. डबे गेले, पिशव्या गेल्या, आणि एके दिवशी तिचा हात माझ्यावर पडला. आत अंडी किंवा पिले नाहीत हे तिने आधी बोटाने चाचपून पाहिले, हे मी तिच्या बाजूने सांगतो. मग मी चौकीतल्या भंगाराच्या गोणीत गेलो आणि ट्रकची वाट पाहू लागलो. ट्रक आमच्याकडे त्याच्या मनात येईल तेव्हा येतो.

मेढीशेजारी यादिराने पाटी लावली. शिसवी लाकूड, कोरलेली अक्षरे, बाण. पाटी देखणी होती, मला तिचा हेवा वाटला. फक्त तिच्यावर लिहिले होते 'सान पोलिकार्पो धबधबा'. कचेरीतल्या नकाशावर बहिरीचे नाव तसे आहे. गावात ते नाव कोणी जन्मात ऐकले नव्हते.

पुढे जे व्हायचे ते झाले. पाहुणे विचारीत, "ला सोर्दा कुठे?" बाई सांगत, "जिथं बूट होता तिथून वर." पाहुणे फाट्यावर येत. बूट दिसत नसे. पाटी दिसे, पण ती कुठल्यातरी पोलिकार्पोची. आपला फाटा पुढे असेल असे म्हणून ते सोप्या वाटेला लागत, ती वाट अर्थातच डावी. काही अर्ध्यातून चिखलाने माखून परतत. जे दलदल पार करत ते थेट एवेलियोकाकांच्या गोठ्यात निघत. काका त्यांना ताजे चीज विकत आणि परतीची वाट सांगत, "जिथं बूट होता तिथवर जा, मग उजवीकडं."

तक्रारी वर पोचल्या. विभागाच्या ओबांदोसाहेबांचा निरोप आला की इतके लोक हरवत असतील तर वाटच बंद करू. वाट बंद म्हणजे पाहुणे बंद, आणि पाहुणे बंद म्हणजे ओदिलियाबाईंची चूल बंद. त्या वाटेवाचून त्या खानावळीला दुसरे गिऱ्हाईक नाही. हे यादिरालाही कळत होते, कारण तिचा दुपारचा डबा त्याच चुलीवरून येई. बाई डबा घेऊन चौकीत आल्या तेव्हा तिने हात जोडले.

"बाई, पाया पडते, पाटीपासून वर असं सांगत जा."

"सांगते की. त्यात काय."

"म्हणा बघू एकदा."

"जिथं बूट होता..."

"पाटी, बाई."

"तेच सांगतेय. जिथं बूट होता तिथं पाटी आहे, तिथून वर."

"अहो, बूट आला ना त्यात."

"तो असतोच गं तिथं, पोरी," बाई म्हणाल्या. गोणीत मला भरून आले.

ओबांदोसाहेब न सांगता आले. अंगात साधे कपडे, पायात चकचकीत शहरी जोडे. आपण कोण ते न सांगता त्यांनी खानावळीत वाट विचारली, गमबूट नको म्हणाले आणि निघाले. हे मला नंतर कळले. तेव्हा मला कळले ते एवढेच की दुपारी डोंगरावर धुके उतरले, बाई डबा घेऊन चौकीत आल्या आणि यादिराचा वॉकीटॉकी खरखरला.

"यादिरा, मी ओबांदो. अडकलोय."

"साहेब? कुठे?"

"चिखलात. मांडीपर्यंत."

"पण पाटी दिसली नाही का?"

"दिसली ना. मीच मंजूर केलेली पाटी, न दिसायला काय झालं? पण त्या बाईंनी बूट सांगितला होता."

मित्रांनो, साहेब डोंगराच्या पलीकडच्या गावचे. आमच्या माणसाने गावकऱ्याचा शब्द सोडून पाटीवर विश्वास ठेवला असे मी तरी कधी ऐकले नाही.

यादिरा घाईघाईने म्हणाली, "साहेब, म्हणजे तुम्ही जिथं बूट होता तिथून डावीकडं गेलात का?" आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन तिने जीभ चावली.

"जिथं बूट होता ती जागा सापडली असती," साहेब म्हणाले, "तर मी इथं कशाला असतो, बाळा?"

ओदिलियाबाईंनी गोणीत हात घातला, मला बाहेर काढले आणि काखेत मारले. "चल. दलदल पायातलं घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाही. परत यायला त्यांना काहीतरी लागेल."

आम्ही पोचलो तेव्हा एवेलियोकाका आधीच काठावर बसले होते. त्यांनी दोर आणला होता आणि चीजही. साहेब चिखलात उभे राहून चीज खात होते.

"सावकाश," काका यादिराला म्हणाले. "खाऊन होऊ दे. रिकाम्या पोटी माणूस ओढू नये."

तिघांनी मिळून साहेबांना ओढून काढले. दोन्ही पाय अनवाणी. पण जोडे नवे होते, साहेबांचा जीव त्यांच्यात अडकलेला. ते काठावर पालथे पडले आणि खांद्यापर्यंत हात चिखलात घालून चाचपू लागले. "सापडला," ते म्हणाले आणि ओढले. बाहेर जे आले ते जोड्यापेक्षा फार मोठे होते. बाईंनी ते ओढ्यात बुचकळले. चिखलाखालून पिवळा रंग निघाला, पंचेचाळीसचा आकडा निघाला.

तो डावा होता. माझा भाऊ. इतकी वर्षे अंधारात राहून तो माझ्याहून नवा दिसत होता. मला रडता येत नाही, कारण मी पाणी आत येऊ नये म्हणून बनवलेला आहे. पण त्या दिवशी आले असते तर मी अडवले नसते.

साहेबांनी आम्हा दोघांना पायात घातले. त्यांचा पाय बेताचा, आत फचक फचक वाजत होते. तरी आम्ही पुन्हा एकदा एकामागे एक चालत होतो, डावा, उजवा, डावा, उजवा. याहून जास्त सुख बुटाला ठाऊक नाही.

फाट्यावर बाई थांबल्या. "साहेब, स्पष्ट सांगते. वाट बंद केलीत तर माझी चूल विझली."

"आधी धबधबा दाखवा," साहेब म्हणाले. "एवढं सोसलंय, बघून तरी जातो."

आम्ही वर चढलो. धुके फाटले आणि बहिरी समोर आली, उंच, पांढरी, सगळे कान बंद करणारी. साहेब तिच्यापुढे उभे राहिले आणि हातवारे करीत बराच वेळ बोलले. वाट बंद की चालू, तो निर्णय बहुधा त्यातच होता. अक्षर ऐकू आले नाही. मग ओदिलियाबाई बोलल्या, एप्रनला हात पुसत, बोट नाचवत, साहेबांहून जास्त वेळ. तेही कोणाला ऐकू आले नाही. यादिराचेही बरेच दिवसांचे साचलेले असावे, तीही बोलून मोकळी झाली. एवेलियोकाका सगळ्यांना मान डोलावत होते. उतरताना सगळ्यांचे चेहरे जिंकल्यासारखे होते.

फाट्यावर यादिराने भीत भीत विचारले, "साहेब, वर काय म्हणालात?"

"जे म्हणालो ते म्हणालो. पुन्हा म्हणणार नाही." साहेब दगडावर बसले. त्यांनी मला पायातून काढले, मेढीवर खोचले आणि डोळा बारीक करून माझे टोक उजवीकडे वळवले.

"आणि डावा?" बाईंनी विचारले. "फाटकापर्यंत राहू दे की पायात."

साहेबांनी डाव्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "याला परत एकटा कशाला ठेवता?" असे म्हणून त्यांनी तोही काढला आणि माझ्या शेजारी, पाटीच्या खांबावर खोचला. मग विभागाचे साहेब अनवाणी, चिखलातून, खानावळीत गुळाचे गरम पाणी प्यायला गेले. वाट आजही चालू आहे. यादिराने आमच्या तळव्याला उद्यानाचा शिक्का मारला, म्हणजे आता आम्ही उद्यानाचेच, तिचा नियम मोडत नाही, आणि पाटीवर पोलिकार्पोखाली रंगाने 'ला सोर्दा' लिहिले. डाव्याच्या पोटात यंदा चिमणीने घर केले आहे.

तर मित्रांनो, बूट घातलात की धुवा, पुसा, पालथे घालून वाळवा. जोडीतला एक हरवला तर दुसऱ्याला लगेच फेकू नका, त्याच्या हातून अजून काही व्हायचे असते. आणि हरवलेल्याला शोधताना हात खांद्यापर्यंत घालायची लाज वाटू देऊ नका.

काल सकाळी दोन मुली फाट्यावर येऊन थांबल्या. एक आमच्याकडे बघत होती, दुसरी चारी बाजूंना काहीतरी शोधत होती.

"इथंच असेल गं," पहिली म्हणाली.

"छे. त्या चौकीतल्या वनरक्षक ताई काय म्हणाल्या? जिथं एकच बूट होता तिथून वर. इथं तर दोन आहेत."

दोघी डाव्या वाटेकडे बघू लागल्या. मी आणि माझ्या भावाने आमची टोके उजवीकडे जमेल तितकी ताणून धरली.