रेषेवर ओतलेली बादली

मी एक जुनी जस्ताची बादली आहे. माझा एक कान वाकला आहे आणि बुडाला डांबराचे ठिगळ आहे. आता होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये मी रंगाचे ब्रश सांभाळत बसते. पण मित्रांनो, एके काळी माझ्या दोरीला तीन माणसांचे जीव टांगलेले होते.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवले आणि मी एका लहान शिडाच्या होडीवर कामाला लागले. होडीची कप्तान होती ताई. शिडे तिचा थोरला भाऊ सांभाळी. त्याची बायको, म्हणजे वहिनी, पहिल्यांदाच लांबच्या सफरीला आली होती. "अशी बादली शोधून सापडायची नाही," असे ताई म्हणाली की माझा पत्रा उन्हाशिवायच तापे.

खलाशांची एक रीत आहे. विषुववृत्त पहिल्यांदा ओलांडणाऱ्याच्या डोक्यावर समुद्रराजाच्या नावाने बादलीभर पाणी ओततात. राजा व्हायला दादाने पोछ्याची दाढीसुद्धा करून ठेवली होती.

पण रेषा जवळ आली त्याच सकाळी वारा पडला आणि केबिनच्या फळ्यांखाली पाणी चढू लागले.

"तळ फुटला!" दादा ओरडला.

तो खाली मला भरी, ताई वर ओढून समुद्रात रिकामी करी. भोक काही सापडेना. जमीन कुठल्याच बाजूला नव्हती. दोरीने ताईचे तळवे सोलले.

तिने एकदा होडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर नजर टाकली. "दादा, प्रवाहानं वाहत रेषेवर आलो. ही बादली वहिनीच्या डोक्यावर."

"इथं बुडायची वेळ आलीय आणि तुला खेळ सुचतोय?"

"आपल्या दोघांवर बाबांनी ओतली होती. या होडीवरून कोरड्या डोक्यानं कुणी पलीकडे गेलेलं नाही."

वहिनीने केस मागे सारले. "ओता वन्सं. बुडायचंच असेल तर रंगीत तालीम तरी होऊ दे."

ताईने मला उलटे केले. पाणी वहिनीच्या नाकावरून ओठांवर आले. तिने ओठ चाटले आणि एकदम ताईचे मनगट धरले.

"थांबा! हे गोडं पाणी आहे!"

दादा खाली धावला. पिण्याच्या पाण्याच्या टाकीची नळी निसटली होती. तळ शाबूत होता. आम्ही जीव तोडून समुद्रात ओतत होतो ते आमचेच पिण्याचे पाणी होते. मित्रांनो, बादलीला तोंड असते, जीभ नसते. मला कसे कळावे?

दादाने नळी बसवली आणि टाकीवर वरून खाली टिचक्या मारल्या. आवाज बदलला तो थेट बुडाशी.

"ओठ ओले करण्यापुरतं उरलंय."

वारा काही उठेना. माणसे घोटाघोटाने पीत. बोलणे आटले, ताईचे ओठ फुटले. मी कोपऱ्यात कोरडी पडून होते, माझ्याकडे कुणी बघतही नव्हते.

मग एका दुपारी आभाळ काळे झाले. ताईने मला शिडाच्या आडव्या दांड्याखाली टांगले. सर कोसळली, मी भरले. दादा मला घेऊन टाकीकडे धावला, तर वहिनी आडवी आली.

"आधी मला बघू दे." तिने बोट बुडवून चाखले. शिडावरचे मीठ उतरले होते. "खारट. फेका."

"अगं, सर थांबली म्हणजे?"

"फेका म्हणते ना!"

तहानलेल्या डोळ्यांदेखत मी रिकामी झाले. पुन्हा टांगले गेले. थेंब विरळ होत होते. मी अर्धी भरले. वहिनीने पुन्हा चाखले आणि भांडे भरून पहिल्यांदा ताईच्या ओठांना लावले.

मित्रांनो, गंज कुणाला चुकलेला नाही, त्याची मी तक्रार करत नाही. हातातले ओतून टाकण्याआधी काय ओततो आहोत ते बघत जा, एवढेच मागते. आणि माझ्यात ब्रश ठेवायचे तर खुशाल ठेवा. फक्त आभाळ भरून आले की मला उलटी ठेवू नका.