खिडकीखालचा ट्रेलर

कमळआयच्या गळ्यावर गावातली निम्मी लग्नं लागली. ती धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. मांडव कुणाचाही असो, हळदीचा धवला तिनंच धरायचा. आता ओळ अर्ध्यावर आली की छाती शिट्टी वाजवते आणि बाकीच्या बाया उरलेली ओळ पुरी करतात. त्या दयेचीच तिला लाज वाटते.

डॉक्टर म्हणाले, औषध घ्या, पण घरात काय आहे तेही एकदा तपासा. म्हणून तिच्या मुलानं, अल्पेशनं, आपल्या मेव्हण्याला बोलावलं. निकेत पनवेलला घरांतली हवा तपासायचं काम करतो. मुठीएवढं यंत्र घेऊन तो सकाळीच आला आणि ओटा, देव्हारा, मोरी, पलंगाखालचा अंधार, सगळीकडं हुंगत फिरला.

"मच्छरची कॉईल बंद करा, मावशी. कपाटामागं ओल आलीय, बुरशी धरलीय. आणि उदबत्ती कमी."

"चूल काढलीव, गॅस आनला. आता देवाचा वासपन बंद करू?"

"देवाला फुलं वाहा. देव खोकत नाय, तुम्ही खोकता."

ती हसली, आणि हसता हसताच ढास लागली.

एवढं असूनही यंत्रावरचा आकडा फार चढला नव्हता. निकेत तिच्या खोलीत चहा पीत बसला, तेवढ्यात बाहेर अल्पेशनं ट्रेलर चालू केला. न्हावा शेवा बंदराची खेप होती. ट्रेलर रोज अंगणात, आयच्या खिडकीखालीच उभा असे, आणि ब्रेकला हवा भरेपर्यंत तिथंच धडधडत राही. गजांतून निळसर धूर आत आला. आकडा चढत सुटला.

"दाजी, गाडी बंद करा! आत या!"

अल्पेशनं यंत्र पाहिलं, मग आईचं तोंड. किती पहाटे त्यानं आपल्या हातानं हा धूर तिच्या उशाशी ओतला होता.

"खिडकी का नाय लावलीस, आये?"

"लावली त तू आयलास ते मना कसा कलंल?"

"आवाज त तसाबी येतो."

"चांगदेवाच्या येली लावली व्हती."

चांगदेव तिचा थोरला मुलगा, अपघातात गेलेला. त्याचा ट्रेलर घाटातच राहिला. त्याला माणसांनी उचलून आणलं. "गाडी वाजली नाय," ती म्हणाली, "म्हनून मी उठलेच नाय. माजा पोर दारात, न मी झोपलेली."

अल्पेशनं गाडी नाक्यावर नेऊन लावली. परत येऊन खिडकी ओढली, कडी घातली. ती फक्त गजाला धरून उभी होती. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

ढास हळूहळू उतरली. छातीतली शिट्टी थांबली. शेजारणी म्हणाल्या, मुलानं आईला वाचवलं हो.

एका दुपारी अल्पेश नाक्यावरून चालत घरी आला. आय निजली होती. अंगणात काही वाजलं नव्हतं. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. तिनं डोळे उघडले आणि त्याच्याकडं बघत राहिली, जसं पाण्यापलीकडच्या कुणाकडं बघावं.

"चांगदेवा," ती म्हणाली. श्वास अगदी मोकळा होता. "चालत आयलास, बाला?"

अल्पेशच्या ओठांवर स्वतःचं नाव आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"व्हय, आये," तो म्हणाला. "चालत आयलू."