पिल्लाची ओ

डॉल्फिन माणसांसारखे बोलतात का, असं विचारणाऱ्याला मी हल्ली चहासुद्धा विचारत नाही. बोलत नाहीत, शिट्ट्या मारतात. प्रत्येकाची शिट्टी वेगळी, तेच त्याचं नाव. आई पिल्लाला हाक मारते ती पिल्लाची शिट्टी वाजवून, आणि पिल्लू ओ देतं तेही आपलीच शिट्टी वाजवून. एवढं कळलं की माझी पीएचडी कळली.

माझी डॉल्फिन म्हणजे फाटकी. पाठीवरचा पंख फाटलेला, म्हणून फाटकी. तिचं पिल्लू मागच्या वर्षी वादळात दिसेनासं झालं. पण बंदराच्या पाण्यात सोडलेल्या माझ्या माइकवर तिची हाक यायची आणि पाठोपाठ ओ यायची. दिसत नाही, पण कुठेतरी आहे. माझे गाईड सर खूश होते. सगळा प्रबंध त्या एका 'ओ'वर उभा होता.

आई तर माझ्यापेक्षा गुंतली. दादा भांडून घर सोडून गेला तेव्हापासून तिचं कशात लक्षच नव्हतं. पण संध्याकाळी फोन केला की पहिला प्रश्न, "पिल्लानं ओ दिली का गं?" दिली म्हटलं की, "बघ, म्हणजे आहे," म्हणायची, आणि माझा फोन ठेवून दादाच्या बंद नंबरवर लावायची. मला राग यायचा. जेवलीस का, हे मला कोणी विचारायचं?

आज सकाळी प्रबंधातली चित्रं काढायला बसले. प्रत्येक शिट्टीची संगणकावर एक रेघ उमटते. पिल्लाची शिट्टी शेवटी वर चढते, वादळाआधीच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तशीच आहे. फाटकी मात्र हाक मारताना तो शेवट खाते, तिची खोडच आहे. आणि ओ? तिचाही शेवट खाल्लेला. मी एकेक उघडून पाहिली. सगळ्या तशाच.

वादळानंतर बंदराच्या टोकाला नवी भिंत बांधली होती. फाटकीचीच हाक त्या भिंतीवर आपटून परत येत होती, आणि मी गाढवीण तिला पिल्लू समजून बसले होते. ओ हाकेसारखीच असते ना, मग शंका कशाला येईल?

दुपारी सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"आता मुदतवाढ मिळायची नाही," ते म्हणाले.

"म्हणजे चार वर्षं पाण्यात गेली."

एरवी ते हसले असते. मीही.

संध्याकाळी आईचा फोन आला. खोटं बोलायचं ठरवून उचलला होता.

"ओ दिली का गं पिल्लानं?"

मला नाही जमलं. "नाही आई. कधीच दिली नव्हती. तिचाच आवाज भिंतीवरून परत येत होता. पिल्लू नाहीये."

ती म्हणाली, "तिला ठाऊक असेल गं. आपला आवाज कोणाला ओळखू येत नाही?"

"मग रोज हाका का मारते?"

"मग काय करेल ती?"

जेवलीस का, असं तिनं आज विचारलं. हो म्हणाले. मग तिनं फोन ठेवला. तिची दादाला फोन लावायची वेळ झाली होती.