केवळरामचा टारपेडो

"अजी, मी काय म्हणतो—" मैनानं तिसऱ्यांदा सुरुवात केली.

"थांब. आधी हे पकड," म्हणत केवळरामनं बायकोच्या हातात प्लास्टिकच्या पाइपाचं टोक दिलं.

पाइपात लग्नसराईतून उरलेली रॉकेटं कोंबली होती. पुढच्या टोकाला मैनाच्या दुधाच्या पातेल्याची पितळी झाकणी तारेनं बांधली होती. चार दिवसांपासून दूध मांजर पीत होतं.

केवळराम नौदलात पाणबुडीवर होता. कानाला हेडफोन लावून समुद्र ऐकायचा, हेच काम. कोसावर जहाजाचा पंखा फिरला, की हा सांगणार, मालाचं आहे की लढाईचं. पेन्शन घेऊन तलावाकाठच्या गावी आला आणि इतकी वर्षं गप्प बसल्याची भरपाई सुरू केली. त्यात मागच्या पावसाळ्यात रशियाची पाणबुडी बुडाली. रॉकेटवाल्या टारपेडोबद्दल पेपरात छापून आलं, आणि गावाला सुटका उरली नाही. शेजारच्या सोनीबाईच्या दहाव्याला पिंडापुढे लोक कावळ्याची वाट बघत होते, तिथंही यानं टारपेडो समजावून सांगितला. आलेला कावळा ते ऐकूनच उडाला, असं सुकरी अजून सांगते.

ही सुकरी मासे विकणारी म्हातारी. जिभेला हाड नाही. कालच चावडीवर तिनं त्याला छेडलं होतं.

"साधा टारपेडो पाणी कापत जाते, बाई," केवळराम सांगत होता. "हा बुडबुड्यात बसून जाते. समोर चपटी बशी, मागून गॅस. आंगाले पाणीच लागत नाई. माजरीच्या खाणीतली कोळशाची गाडी त्याच्यापुढं गोगलगाय."

"अन् वळते कसा?"

"वळत नाई. पहिला जो बनला, तो सरळच जाते."

"समोरून कोणी थांब म्हटलं, तं आयकू येते त्याले?"

"कसं येईन? आपल्याच आवाजात राह्यते तो. बहिरा असते."

सुकरीनं मैनाकडे पाहिलं. मैनानं जमिनीकडे.

यंदा तलावात पाणी कमी. मासळीची एकच ओढ निघणार होती आणि त्यावर मच्छीमार सोसायटीच्या सगळ्या घरांचा उन्हाळा जायचा होता. मूल गावच्या व्यापाऱ्याची गाडी तलावाच्या पाळीवर, बांधावरच उभी होती. सोसायटीकडं मोठं जाळं एकच. हिवाळाभर मैनानं ते सांधलं होतं, दोऱ्यानं तिचं बोट कापलं होतं. जाळं नेहमी पूर्वेला लागतं. पश्चिमेच्या कमळांत मासे दडतात. तिकडं टारपेडो सोडला, की मासे घाबरून पूर्वेला, जाळ्यात. सोसायटीचे अध्यक्ष नानाजी यांनी केवळरामच्या या बेताला होकार दिला होता. होकार दिल्याशिवाय बोलणं संपेना.

पण आज पहाटे पूर्वेला नुसता गाळ दिसला. नानाजींनी जाळं पश्चिमेला लावलं, कमळांच्या मागं. केवळरामला सांगायला कोणी धजेना. एक वाक्य सांगायला जावं, तर तासभर ऐकावं लागे. "तू सांग वो बाई," म्हणत त्यांनी मैनालाच धाडलं.

"अजी, जाळं नानाजीभाऊनं—"

"जाळ्याची चिंता नको करू. जाळं तिकडं, आपण इकडं."

"तेच तं सांगून राह्यलो ना—"

"तेच मीबी सांगून राह्यलो. सरक मांगं."

त्यानं काडी ओढली. मैना ओरडली, पण तोवर रॉकेटं ओरडायला लागली होती.

बुडबुडा वगैरे काही झाला नाही. पाइप पाण्यावरून धूर सोडत निघाला. वळला मात्र नाही. कमळं फाडली, नानाजींचा डोंगा कलंडवला आणि जाळं या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवत गेला. रोहू उड्या मारून बाहेर पडले. नानाजी गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते. डोक्यावर टोपी तशीच, हातात जाळ्याची दोरी. दोरीला जाळं नव्हतं.

व्यापाऱ्याची गाडी रिकामी वळली. सुकरीनं चेपलेली झाकणी चिखलातून उचलून मैनाच्या हातात दिली.

"बोल ना, भाऊ," ती केवळरामला म्हणाली. "आता सारे आयकून राह्यले."

 

दुपारी मोहाच्या झाडाखाली जाळं पसरलं होतं. जळलेल्या नायलॉनच्या काळ्या गाठी झाल्या होत्या. मैना त्या एकेक कापून टाकत, सुईनं नवा दोरा ओवत होती. केवळराम येऊन बसला. तिनं सांगितलं नव्हतं, तरी जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून त्यानं ताणलं.

मग म्हणाला, "सकाळी काय म्हणत होती तू?"

मैनानं मान वर केली नाही.

"ते सकाळचं होतं."

मग त्याला ऐकू यायला लागलं. सुई जाळीतून जाताना होणारा आवाज. दोरा ओढल्याचा. गाठ आवळताना मैनाचा श्वास अडतो, तोही. गाठ झाली, की ती क्षणभर थांबायची. त्या थांबण्यात तिचा एखादा शब्द येतो का, म्हणून तो कान देऊन बसला.

मैना पुढची गाठ घालायला लागली.